चालकाचे लायसन्स अपघातानंतरच का तपासायचे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून विम्याचा हप्ताही जास्त घ्यावा, ही सूचना आपल्याकडे वरचेवर होते. ई-चलानांच्या थकबाकीचा विषय निघाला की ती हमखास पुढे येते आणि वाचणाऱ्याला पटतेही. एका सामान्य विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढल्यामुळे मला या सूचनेविषयी आस्था आहे. पण ती आज ज्या रीतीने मांडली जाते त्याच रीतीने अमलात आली, तर तिचा भुर्दंड भलत्याच माणसाला बसेल, असे मला वाटते. आपल्याकडील विमा कंपन्या चालकाचे लायसन्स आणि त्याचा पूर्वेतिहास तपासतात, पण अपघात झाल्यावर, आणि तेही बहुधा दावा नाकारता येईल का हे पाहण्यासाठी. ही तपासणी पॉलिसी देण्यापूर्वी व्हावी आणि ती गाडीच्या नंबराऐवजी गाडी चालवणाऱ्याची व्हावी, एवढेच मला मांडायचे आहे. विषय तांत्रिक असल्याने पत्र लांबले आहे, ते आपण गोड मानून घ्यावे.

आज मुंबईत कोणी खासगी मोटारीचा विमा उतरवायला गेला, तर एजंट किंवा कंपनीचे संकेतस्थळ प्रथम गाडीचा नोंदणी क्रमांक विचारते. तो टाकला की केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीतील नोंदींच्या आधारे गाडीची कंपनी, मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, इंधन आणि इंजिनाची क्षमता समोर येते. मग गाडीची विमामूल्य रक्कम ठरते, मागच्या पॉलिसीचा तपशील घेतला जातो, गेल्या वर्षी दावा केला होता का हे विचारले जाते. गाडी रोज कोण चालवणार, त्याचे लायसन्स कधी संपते, ते कधी निलंबित झाले होते का, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आहे का, यांतले काहीही तपासले जात नाही. लायसन्सचा उल्लेख येतो तो मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्यापुरता, कारण मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच ते संरक्षण घ्यायचे असते. तिथेही ‘होय’ या शब्दावर टिचकी मारली की काम भागते.

हप्ता ठरतानाही चालक कुठेच नसतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या हानीच्या भरपाईचा, दर केंद्र सरकार ठरवते. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या क्षमतेनुसार २,०९४, ३,४१६ आणि ७,८९७ रुपये असा होता. नुकतेच लायसन्स मिळालेला, रात्री मरीन ड्राइव्हवर गाडी पळवणारा मुलगा असो की तीस वर्षांत एकही चलान न झालेले गृहस्थ असोत, गाडी एकच असेल तर दरही एकच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा दर २००७ पासून मोकळा झाला आहे आणि तिथे कंपन्यांना चालक पाहून दर लावण्याची मुभा आहे, पण एकमेकींचे ग्राहक ओढण्याच्या चढाओढीत कोणती कंपनी हा जास्तीचा प्रश्न विचारून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात धाडील?

इतिहास म्हणून जो एकच हिशेबात धरला जातो तो ‘नो क्लेम बोनस’चा. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के, अशी ती सूट चढत जाते. ती दाव्यांची नोंद आहे, वागणुकीची नाही. बंपर फुटला तर स्वतःच्या खिशातून गॅरेजवाल्याला पैसे देऊन बोनस राखणारे हजारो मुंबईकर आहेत आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र या सूटीची पडताळणी कंपन्यांनी किती नेटाने केली ते पाहण्यासारखे आहे. जुन्या मोटार दरपत्रकाच्या काळापासून असा नियम होता, की ग्राहकाने बोनस सांगितला तर नव्या कंपनीने ठरावीक मुदतीत जुन्या कंपनीला पत्र लिहून तो खरा आहे का हे विचारायचे आणि जुन्या कंपनीने ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचे. खोटा बोनस सांगितल्याचे उघडकीस आले, तर दाव्याच्या वेळी ग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागे. थोडक्यात, स्वतःचा पैसा जिथे थेट जातो, तिथे पडताळणीची व्यवस्था कंपन्यांनी फार पूर्वीच उभी केली आहे.

आता पॉलिसीतला चालकाविषयीचा मजकूर पाहावा. मोटारीच्या प्रत्येक पॉलिसीत बारीक अक्षरांत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ असतो. त्याचा आशय असा, की विमेदार धरून कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकेल, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे प्रभावी लायसन्स असले पाहिजे आणि लायसन्स धारण करण्यास किंवा मिळवण्यास ती अपात्र ठरवलेली नसावी. शिकाऊ लायसन्सवाल्याने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ३ पाळला असला पाहिजे. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द उदार वाटतात. त्यांचा दुसरा अर्थ असा, की कोणती व्यक्ती हे कंपनीने पैसे घेताना पाहिलेच नाही.

अपघात झाला की चित्र पालटते. दाव्याच्या अर्जात चालकाचे नाव, वय, लायसन्सचा क्रमांक, ते देणारे आरटीओ, वैधतेची तारीख, कोणत्या वर्गाचे वाहन चालवण्याची परवानगी आहे, असे रकानेच्या रकाने असतात. सर्व्हेयर मूळ लायसन्स मागतो. रक्कम मोठी असेल किंवा माणूस दगावला असेल, तर कंपनी तपासनीस नेमते आणि तो संबंधित आरटीओमधून लायसन्सचा उतारा काढून आणतो. पूर्वी लायसन्स परराज्यातील असले, की या उताऱ्यासाठी महिने जात आणि तोवर फाइल माझ्यासारख्याच्या टेबलावर धूळ खात पडे. आता लायसन्सच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सारथी’ प्रणालीमुळे बहुतेक तपशील काही मिनिटांत मिळतो. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. या प्रक्रियेत चालकाच्या लायसन्सची पडताळणी होते आणि ती माहिती विमा कंपनीपर्यंत पोहोचते. म्हणजे सरकारी नोंदीतून विमा कंपनीकडे चालकाची माहिती जाण्याची वाट आहे, कायद्याने घालून दिलेली आहे आणि रोज वापरातही आहे. ती अपघाताच्या पलीकडच्या बाजूलाच उघडते, इतकेच.

याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात? मोटार वाहन अधिनियमाच्या जुन्या कलम १४९ ने आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १५० ने विमा कंपनीला काही मोजके बचाव दिले आहेत. विनालायसन्स किंवा अपात्र ठरवलेला चालक हा त्यांतला प्रमुख, आणि दुरुस्तीने दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या नशेत गाडी चालवण्याची त्यात भर घातली. सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले, की लायसन्स नव्हते, बनावट होते किंवा संपलेले होते एवढे दाखवून कंपनी तिऱ्हाइताच्या भरपाईतून सुटत नाही. मालकाने स्वतः हयगय केली हेही तिने सिद्ध केले पाहिजे. अनेक निकालांत न्यायालयांनी कंपनीला ‘आधी जखमींना किंवा वारसांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश दिला. निर्मला कोठारी प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने म्हटले, की चालक नेमताना मालकाने लायसन्स पाहावे, ते वरकरणी खरे वाटत असावे आणि माणसाला गाडी चालवता येते याची खात्री करावी. ते खरे की खोटे हे पाहायला त्याने आरटीओच्या चकरा माराव्यात, अशी अपेक्षा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रंभा देवी प्रकरणात घटनापीठाने हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येईल, असे ठरवून वर्षानुवर्षांचा एक वाद मिटवला.

हे निकाल अपघातग्रस्तांच्या बाजूचे आहेत आणि ते तसेच असायला हवेत. मात्र ते ज्या खटल्यांतून आले, त्यांतले कितीतरी मुळात उभेच राहिले नसते. चालकाचे लायसन्स बनावट आहे किंवा ते दोन वर्षांपूर्वी संपले आहे, हे कंपनीला पॉलिसी देतानाच कळले असते, तर मालकालाही तेव्हाच कळले असते. त्याऐवजी मृताच्या घरच्यांना न्यायाधिकरणात तारखांवर तारखा घ्याव्या लागतात, कंपनी वकील देते, आणि वसुलीचा आदेश झालाच तरी टॅक्सी किंवा टेम्पोच्या मालकाकडून पूर्ण रक्कम निघणे अवघडच असते. बुडालेली ती रक्कम शेवटी तुमच्या-माझ्या हप्त्यात मिसळते. ओन डॅमेजच्या दाव्यात तर तिऱ्हाइताला मिळणारे हे संरक्षणही नसते. तिथे लायसन्सची तारीख उलटलेली असली, की दावा अडकलाच म्हणून समजावे.

तारीख उलटण्याचा हा प्रकार नोकरदार मध्यमवर्गात जितका आढळतो तितका इतरत्र क्वचितच असेल. तिशीच्या आत लायसन्स काढले, तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास या वयात काढले किंवा नूतनीकरण केले, तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्न या वयात साठीपर्यंत. आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी. चाळिसावा वाढदिवस केकसह साजरा होतो आणि लायसन्स खिशातल्या खिशात संपून जाते. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस ते प्रभावी मानले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. हा माणूस बेदरकार नसतो, त्याला फक्त आठवण नसते. गाडीचा पीयूसी संपला की संदेश पाठवणारी आणि पॉलिसी संपण्याच्या महिनाभर आधीपासून फोन करून भंडावणारी कंपनी ‘आपले लायसन्स अमुक तारखेला संपत आहे’ एवढे कळवू शकत नाही, कारण ती तारीख तिने कधी विचारलेलीच नसते.

ब्रिटनमध्ये याच कामाची घडी वेगळी बसवलेली आहे. तिथल्या विम्यात गाडीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व चालकाला असते. पॉलिसीत मुख्य चालक कोण आणि आणखी कोण चालवणार, हे नावानिशी लिहावे लागते. लायसन्सवर सोळा अक्षर-अंकांचा चालक क्रमांक असतो. दहाएक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ‘मायलायसन्स’ या व्यवस्थेत ग्राहकाने भाव विचारताना हा क्रमांक दिला, की मोटार विमा कंपन्यांच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत स्वॉन्सी येथील चालक व वाहन परवाना संस्थेच्या नोंदींत तो तपासला जातो. लायसन्स कोणत्या प्रकारचे, किती वर्षांपासूनचे, कोणत्या गुन्ह्याबद्दल केव्हा शिक्षा झाली, किती दंडगुण जमा आहेत, हे कंपनीला थेट कळते. ग्राहकाच्या स्मरणशक्तीवर किंवा सचोटीवर विसंबावे लागत नाही. यापूर्वी तिथेही लायसन्ससोबत कागदी पुरवणी असे आणि शिक्षा तीवर लिहिल्या जात. ८ जून २०१५ पासून ती रद्द झाली आणि संगणकातील नोंद हीच खरी मानली जाऊ लागली. गाडी भाड्याने घेताना किंवा नोकरीच्या ठिकाणी ती नोंद दाखवायची असेल, तर चालक स्वतः संकेतस्थळावरून एक सांकेतिक क्रमांक काढून देतो आणि तो २१ दिवस चालतो.

त्या पद्धतीतली मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे तिला असलेली मुदत. वेगमर्यादा ओलांडल्याची साधी नोंद लायसन्सवर चार वर्षे राहते, दारू पिऊन गाडी चालवल्याची अकरा वर्षे. तीन वर्षांत बारा दंडगुण जमले, तर सामान्यतः लायसन्सवर बंदी येते. नवशिक्याचे लायसन्स पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांतच रद्द होते. दुसरीकडे, वाहतुकीची शिक्षा प्रौढांच्या बाबतीत बहुधा पाच वर्षांनी ‘भोगून संपलेली’ मानली जाते आणि त्यानंतर विमा कंपनीला ती सांगण्याचे बंधन राहत नाही. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने प्रश्न विचारण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. ग्राहकाने निष्काळजीपणाने चुकीचे उत्तर दिले, तर सामान्यतः भरलेल्या हप्त्याच्या प्रमाणात दावा कमी होतो आणि जाणूनबुजून खोटे सांगितले, तर पॉलिसीच रद्द ठरू शकते. तिथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. तरुण चालकांना तिथे गाडीच्या किमतीच्या तोडीचा हप्ता भरावा लागल्याच्या तक्रारी आहेत, आणि आईबापांच्या नावावर पॉलिसी काढून मुलाने गाडी फिरवण्याची युक्ती तिथलेही लोक करतात.

ही व्यवस्था जशीच्या तशी मुंबईत आणावी, असे मी सुचवणार नाही, कारण जी नोंद तपासायची ती नोंदच आपल्याकडे चालकाच्या नावावर होत नाही. कायद्यात तरतुदींची वाण नाही. कलम १९ आणि नियम २१ प्रमाणे आरटीओ चालकाला अपात्र ठरवू शकते, कलम २४ प्रमाणे न्यायालयाच्या आदेशाची नोंद लायसन्सवर करता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम २५ क मध्ये लायसन्सांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याचे म्हटले आहे. व्यवहारात काय होते? मुंबईत २०१६ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित ई-चलान सुरू झाले. कॅमेरा नंबरप्लेट पाहतो. चलान गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर येते. वरळीच्या सिग्नलवर लाल दिवा तोडणारा मालक होता, त्याचा भाचा होता की बदली ड्रायव्हर, हे कोणी विचारत नाही आणि मालकही आपणहून सांगत नाही. मग ते चलान साठत राहते, आणि लोकअदालतीत काही भाग माफ करून निकालात निघते. एरवी कलम २०० खालील तडजोड शुल्क भरले, की पुढची कारवाई थांबते. दोन्ही वाटांनी गुन्ह्याचे रूपांतर थकबाकीत होते आणि थकबाकी फिटली, की कोणाच्याही नावावर दोषसिद्धी म्हणून काही उरत नाही. पाणीपट्टी आणि चलान यांत मग फारसा फरक राहत नाही.

याला मोठा अपवाद दारू पिऊन गाडी चालवण्याचा. तिथे नाकाबंदीत प्रत्यक्ष माणूस सापडतो, श्वास-चाचणी होते, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडल्याचे निघाले, तर प्रकरण न्यायालयात जाते; पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि लायसन्स निलंबनाची शिफारसही होते. म्हणजे जो गुन्हा विम्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा, तोच आपल्याकडे चालकाच्या नावावर व्यवस्थित नोंदला जातो. तरीही ज्याचे लायसन्स मार्चमध्ये निलंबित झाले, त्याच्या गाडीची पॉलिसी एप्रिलमध्ये त्याच दराने, त्याच सूटीसह नूतनीकृत होते. यात बदल करायला नवा कायदा लागत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने या दिशेने एक प्रयत्न केला होता, तो इथे नोंदवला पाहिजे. प्राधिकरणाच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत मांडलेल्या मसुद्यात मोटार विम्याला पाचवा भाग जोडण्याची, म्हणजे वाहतूक नियमभंगाचा वेगळा हप्ता आकारण्याची कल्पना होती. दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, असे कोष्टक होते आणि प्रथम दिल्ली परिसरात प्रयोग करायचे ठरले होते. परंतु हा हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने, गाडीच्या नावावर जमलेल्या गुणांनुसार भरायचा होता. मालकाच्या खिशाला चाट बसली, की तो चालकाला वेसण घालील, असा त्यामागचा विचार असावा आणि तो अगदीच टाकाऊ नाही. तथापि ज्यांनी हे कोष्टक रचले त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतः गाडी चालवणारा मालक होता. मुंबईत तसे गृहीत धरता येत नाही.

मुंबईत पगारी ड्रायव्हरचे प्रमाण किती आहे, हे कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी नऊ वाजता उभे राहिले तरी कळेल. निवृत्त दांपत्याने आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाण्यापुरता ठेवलेला, वॉचमनच्या ओळखीने आलेला, एजन्सीने पाठवलेला, ॲपवरून चार तासांसाठी बोलावलेला, असे त्यांचे नाना प्रकार. त्याला ठेवताना पगार, रविवारची सुट्टी, रात्रीचा जादा भत्ता हे सगळे ठरते. लायसन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर घेतला जातो आणि पुन्हा कधी उघडला जात नाही. असा ड्रायव्हर वर्षभर बेफाम गाडी चालवून, चलानांचा ढीग मालकाच्या नावावर ठेवून दुसरीकडे कामाला लागला, तर मसुद्यातील पद्धतीत त्याच्या गुणांचे ओझे जुन्या मालकाच्या गाडीवर आणि तो स्वतः कोऱ्या पाटीने नव्या मालकाच्या दारात. विमा कंपनीच्या दृष्टीने जोखीम माटुंग्याहून पवईला गेली, हप्ता मात्र माटुंग्यात वाढला. नियमभंगाची नोंद नंबरप्लेटला चिकटवण्यातला हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. खासगी मोटारीच्या विम्याच्या अर्जात, गाडी नेहमी चालवणाऱ्या दोन किंवा तीन व्यक्तींचे लायसन्स क्रमांक मागावेत. प्रत्येक चालकाच्या मोबाइलवर ओटीपी जावा आणि त्याने संमती दिल्यावरच ‘सारथी’कडून कंपनीला तीनच उत्तरे मिळावीत: लायसन्स आज वैध आहे का आणि कधीपर्यंत, ते या वर्गाच्या वाहनासाठी आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत ते निलंबित झाले होते का, किंवा कलम १८४ (धोकादायक वाहन चालवणे) अथवा १८५ (नशेत वाहन चालवणे) खाली न्यायालयात दोष सिद्ध झाला आहे का. पत्ता, छायाचित्र, जन्मतारीख, चलानांची यादी यांपैकी काहीही कंपनीला मिळण्याचे कारण नाही. क्रमांक न दिलेल्या चालकाने प्रसंगी गाडी चालवली, म्हणून आजचे संरक्षण जाता कामा नये. घरात आजारपण आले, तर शेजारच्याला किल्ली द्यावीच लागते.

साध्या चलानांना मी मुद्दाम बाहेर ठेवले आहे. दादरच्या रानडे रोडवर किंवा फोर्टमध्ये ‘दोन मिनिटांत येते, इथेच थांब’ असे बाईसाहेबांनी सांगितले आणि टोइंगवाल्यांनी गाडी उचलली, तर तो डाग ड्रायव्हरच्या नोंदीत का असावा? शिवाय एकच नंबर दोन गाड्यांवर लावून फिरणाऱ्यांमुळे ज्यांनी घाट कधी ओलांडला नाही त्यांना पुण्याची चलाने आल्याच्या तक्रारी आपल्याच वृत्तपत्रांतून येतात. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाची रोजीरोटी अशा कच्च्या नोंदींवर अवलंबून ठेवणे अन्यायाचे होईल. जे न्यायालयात सिद्ध झाले किंवा ज्यावर आरटीओने चालकाचे म्हणणे ऐकून लायसन्स निलंबित केले, तेवढेच विचारात घ्यावे. तीन वर्षांनी ते हिशेबातून जावे. आणि आपल्याविषयी काय कळवले जाते, ते चालकाला स्वतः पाहता व दुरुस्त करून घेता यावे.

खासगीपणाचा आक्षेप मी हलका मानत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘वाहन’ आणि ‘सारथी’तील माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले होते आणि ते २०२० मध्ये मागे घ्यावे लागले. त्या अनुभवानंतर आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर कंपन्यांना चालकांचे गठ्ठेच्या गठ्ठे देणे कोणी समर्थनीय ठरवणार नाही. एका माणसाच्या संमतीने, त्याच्यापुरती तीन मोजकी उत्तरे देणे निराळे. अपघातानंतर आज त्याच माणसाचा संपूर्ण उतारा त्याला न विचारता कंपनीच्या फाइलीत येतो, हेही विसरू नये.

दराचा प्रश्न अधिक अवघड आहे. नोंद खराब निघाली म्हणून थर्ड पार्टी विमा नाकारता येऊ नये, कारण कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे आणि तो नसेल, तर रस्त्यावर मार खाणारा पादचारी उघडा पडतो. थर्ड पार्टीचा दर ठरलेला असल्याने आज फरक करता येईल तो ओन डॅमेजमध्ये. तिथे हप्ता फार वाढवला, तर ज्यांची नोंद खराब तेच लोक ओन डॅमेज सोडून नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी चालवतील आणि आपला सारा खटाटोप फुकट जाईल. तेव्हा सुरुवातीला वाढीपेक्षा सूट हे साधन बरे: ज्या गाडीचे सर्व नेहमीचे चालक स्वच्छ आहेत, तिला ओन डॅमेजमध्ये ठळक सवलत. थर्ड पार्टीच्या दरात चालकाचा विचार करायचा की नाही, हे केंद्र सरकारने नंतर ठरवावे. २०२२ पासून नियामकाने परवानगी दिलेल्या, गाडी कशी चालवली जाते यावर हप्ता ठरवणाऱ्या योजना आहेत. त्या चांगल्या आहेत, परंतु ब्रेक किती जोरात लागला हे सांगणाऱ्या यंत्राला ब्रेक कोणी लावला हे ठाऊक नसते.

नियामक प्राधिकरण आणि राज्याचे परिवहन खाते यांनी मनावर घेतले, तर ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली या मुंबईतील चार कार्यालयांच्या नोंदींपुरता आणि कलम १८५ खालील निलंबनांपुरता हा प्रयोग करून पाहणे अवघड नाही. चालकाचा क्रमांक घेणारा एक रकाना अर्जात वाढेल आणि संमतीचा एक संदेश.

तो रकाना येईपर्यंत गाडीमालकांना एक गोष्ट करता येते. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर लायसन्सचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकली, की ते चालू आहे का, केव्हापर्यंत वैध आहे आणि कोणत्या वर्गाच्या वाहनांसाठी आहे, हे फुकट दिसते. ड्रायव्हर ठेवताना त्याच्या समक्ष, त्याला सांगून, हे पान उघडावे आणि तारखेसह त्याची छापील प्रत गाडीच्या पॉलिसीला जोडून ठेवावी. पुढे कधी दावा उभा राहिला, तर मालकाने वाजवी काळजी घेतली होती हे न्यायाधिकरणापुढे दाखवायला व्हॉट्सॲपवरच्या फोटोपेक्षा ती प्रत नक्कीच जास्त उपयोगी पडेल.

आपला नम्र,
मोटार दावे विभागातील एक निवृत्त अधिकारी,
दादर, मुंबई